पुसण्याआधी पुसावं

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केला की त्या जागी एक ओळ उरते: हा मेसेज डिलीट केला आहे. काय लिहिलं होतं ते जातं, पण काहीतरी लिहिलं होतं आणि मागे घेतलं, हे समोरच्याला कळतंच. फोनमधला फोटो उडवला की बरोबर उलट होतं. गॅलरीतून तो दिसेनासा होतो, पण ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये बरेच दिवस पडून राहतो. एकीकडे मजकूर जातो आणि खूण राहते, दुसरीकडे खूण जाते आणि मजकूर राहतो. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, आणि दोन्ही वेळा आपल्याला वाटतं की झालं, पुसलं.

मी पोटापाण्यासाठी लोकांचे कॉम्प्युटर आणि त्यांतला डेटा सांभाळते. पुसणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातल्या एका अगदी छोट्या कामाबद्दल मला इथे बोलायचं आहे. चार जुन्या हार्ड डिस्क एकत्र बांधून नवा साठा करायचा असेल, तर आधी त्यांच्यावरच्या जुन्या खुणा काढाव्या लागतात. काम मिनिटाभराचं. पण त्या मिनिटात एक प्रश्न आहे, आणि तो आयुष्यात कधी स्क्रूड्रायव्हर हातात न धरलेल्या माणसालाही चुकत नाही. आपण जे पुसतो ते कुणासाठी पुसतो? आणि ते पुसायचा अधिकार कुणाचा असतो?

चार डिस्क, एक साठा

आधी काम काय होतं ते सांगते. एका मैत्रिणीला माहितीपटाचं संपादन करायला जागा हवी होती. कॅमेऱ्यातून येणारं चित्रण अवाढव्य असतं. ते पुरवताना एकटी हार्ड डिस्क धापा टाकते. यावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे स्ट्राइपिंग. फाइलचे तुकडे करायचे, पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, असं करत चौथ्यानंतर पुन्हा पहिल्यावर यायचं. लिनक्समध्ये हे काम करणाऱ्या ‘एमडीएडीएम’ या साधनात एक तुकडा सहसा ५१२ किलोबाइटचा असतो. चारही डिस्क एकाच वेळी राबतात, त्यामुळे मोठ्या फाइल वाचताना वेग जवळजवळ चौपट होतो.

या रचनेला ‘रेड ०’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’ हा शब्द रूढ करणारा निबंध लिहिला. त्या शब्दातला पहिला ‘आर’ हा रिडंडंटचा, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी चालावं म्हणून ठेवलेल्या जादा माहितीचा. त्यांनी १ ते ५ असे प्रकार सांगितले होते, शून्य हा आकडा नंतर चिकटला. शून्यात जादा काहीच नसतं. चारातली एक डिस्क गेली की बाकीच्या तीन धडधाकट असूनही सगळं गेलं, कारण प्रत्येक मोठ्या फाइलचा चौथा हिस्सा गेलेल्या डिस्कवर असतो. एक डिस्क वर्षभर टिकण्याची शक्यता ९७ टक्के धरली, तर चारही टिकण्याची शक्यता साधारण ८८.५ टक्के उरते. म्हणून मैत्रिणीचं मूळ चित्रण दुसरीकडे सुरक्षित होतं आणि इथे ठेवायची होती ती फक्त कामापुरती प्रत.

डिस्क घेतल्या त्या पुण्यात जुनं कॉम्प्युटरचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून. २ टेराबाइटच्या, चार. सातारा जिल्ह्यातला एक फोटो स्टुडिओ बंद झाला, त्यातलं सामान आलंय, एवढंच दुकानदार म्हणाला.

डिस्क जोडल्या, नवा साठा बांधायची आज्ञा दिली आणि यंत्र थांबलं. ही डिस्क आधीच एका साठ्याची सभासद दिसते, त्याचा प्रकार रेड ५, एकूण डिस्क चार, अमुक तारखेला बांधलेला, तरीही पुढे जायचं का, असं त्याने विचारलं. हे काही बिघडल्याचं लक्षण नव्हतं, एमडीएडीएमची ती नेहमीची शिस्त आहे. जुना हक्क दिसला की ते विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

हा हक्क जिथे लिहिलेला असतो त्या जागेला सुपरब्लॉक म्हणतात. आताच्या नेहमीच्या प्रकारात तो डिस्कच्या सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर असतो. वाचायला आज्ञा आहे आणि ती काहीही बदलत नाही, फक्त दाखवते. तिथे साठ्याची ओळख पटवणारा लांबलचक क्रमांक असतो, साठा बांधणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव असतं, बांधल्याची तारीख आणि वार असतो. या डिस्क नोव्हेंबर २०१६ मधल्या एका गुरुवारी बांधल्या होत्या. शिवाय प्रत्येक डिस्कला आपला नंबर माहीत असतो, आणि आपल्याबरोबर कोण कोण हजर आहे याचीही नोंद असते. हजर असलेल्या प्रत्येक डिस्कसाठी एक ‘ए’, गैरहजर असेल तर नुसतं टिंब.

तीन डिस्कांवर लिहिलं होतं: तीन ‘ए’ आणि शेवटी एक टिंब. चौथीवर लिहिलं होतं: चारही ‘ए’. म्हणजे चौथी डिस्क कधीतरी साठ्यातून बाद झाली होती. उरलेल्या तिघींनी तशी नोंद केली. पण जी बाद झाली तिच्यावर पुढे कुणी काही लिहिलंच नाही. तिच्या लेखी सगळे अजून एकत्र होते. डिस्क बाद होते ती खराब झाल्यामुळेच होते असं नाही, कधी नुसती केबल सैल झालेली असते. ही डिस्क पुढे सगळ्या तपासण्यांतून ठणठणीत निघाली.

पाटी आणि तिचा मालक

आता पुसण्याकडे येऊ. जुना सुपरब्लॉक तसाच ठेवून चालत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना अशा खुणा शोधतो आणि दिसतील ते सभासद जोडून जुना साठा उभा करू पाहतो. मग डिस्क ‘गुंतलेली आहे’ असं उत्तर येतं आणि नवं काम अडतं. खुणा एकाच जागी असतात असंही नाही. काही जुन्या प्रकारांत सुपरब्लॉक डिस्कच्या अगदी शेवटी असतो. डिस्कच्या विभागणीचा जो जीपीटी नावाचा तक्ता असतो, त्याचीही दुसरी प्रत शेवटी ठेवलेली असते. पहिली काही पानं फाडली म्हणजे वही कोरी झाली असं समजणाऱ्याला शेवटच्या पानावरचं नाव आडवं येतं.

त्यासाठी ‘वाइपएफएस’ नावाचं साधन आहे. ते डिस्कवरच्या सगळ्या खुणा शोधतं, सांगितलं तर पुसतं, आणि काय पुसलं त्याची पावती देतं: अमुक जागी ४ बाइट पुसले, ते असे असे होते. चार बाइट. २ टेराबाइटच्या डिस्कवर दोन लाख कोटी बाइट असतात, त्यांतले चार. सुपरब्लॉकची ओळख पटवणारा ठरलेला आकडा तेवढाच असतो. तो गेला की कॉम्प्युटरच्या लेखी ती डिस्क कुणाचीच नाही. या साधनाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की ते बाकी कुठल्याही मजकुराला हात लावत नाही.

म्हणजे ही कोऱ्या पाटीची गोष्टच नव्हे. पाटीवरचं सगळं तसंच आहे. पाटीमागे लिहिलेलं मालकाचं नाव तेवढं खरवडलंय.

मालकाचं नाव काढणं आणि मजकूर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जमीन विकली की फेरफाराची नोंद होते आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. जुनं नाव नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातल्या माणसाचा हक्क संपला, पण तो इथे होता हे कागद नाकारत नाही. विहीर कुणी खणली, बांधावरचा आंबा कुणी लावला, हे जमिनीवर तसंच असतं. नव्या मालकाला हवा असतो तो निर्वेध हक्क. जुन्याचं अस्तित्व पुसलं जावं अशी मागणी त्याला करता येत नाही, आणि कागदाची पद्धतही तसं करू देत नाही.

नव्या नात्यात, नव्या नोकरीत, नव्या घरात समोरच्याला आपल्याकडून काय मागता येतं याचं माप मला इथे सापडतं. जुना हक्क सुटला आहे का, असं विचारणं रास्त आहे. दोन कंपन्यांत एकाच वेळी पूर्णवेळ नोकरी चालत नाही, आणि मनाने दुसरीकडे बांधलेल्या माणसाने इथे शब्द देऊ नये. पण जुना मजकूरच नको, तो घडलाच नव्हता असं दाखव, ही मागणी हक्काच्या पलीकडची आहे. जोडीदाराला जुन्या मित्राचे सगळे फोटो, चॅट, ओळखी एका संध्याकाळी डिलीट करायला लावणारे लोक चार बाइटांच्या गरजेसाठी पूर्ण डिस्क मागत असतात.

आणि कधी कधी नुसतं नाव बदलणंही साधं नसतं. आपल्याकडे अनेक घरांत लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. कायद्याला त्याची गरज नाही, पण वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, काही घरांत हाक मारायचं नावही जातं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर, तिच्या चौथीच्या दाखल्यावरून कळलं. तोवर ते नाव आमच्यापैकी कुणी तिला विचारलंही नव्हतं. डिस्क एका वेळी एकाच साठ्याची असू शकते, म्हणून तिची जुनी खूण काढावी लागते. माणसाला ही अडचण नाही. मुलगी माहेरची राहूनही सासरची होऊ शकते. तिचं नाव काढण्याला तांत्रिक कारण नव्हतं. कंस करून भागलं असतं.

ज्याबद्दल यंत्र विचारत नाही

परत त्या चार डिस्कांकडे. चार बाइट पुसले की यंत्राचं समाधान झालं. साठा बांधला, त्यावर फाइल सिस्टिम चढवली की मैत्रिणीचं काम सुरू. पण स्टुडिओचे फोटो कुठे जातात? कुठेच नाही. रेड ० बांधताना जुन्या मजकुरावर काही लिहिलं जात नाही. फाइल सिस्टिम चढवताना थोडं लिहिलं जातं. बाकीचे फोटो नव्या साठ्याच्या पोटात तुकड्यांत पडून राहतात आणि नवं चित्रण जसजसं वर येईल तसतसे बुजत जातात. साठा कधी पूर्ण भरलाच नाही, तर काही कधीच बुजत नाहीत.

सगळं खरोखर पुसायचं असेल तर डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत शून्यांनी भरावी लागते. सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट धरले तर २ टेराबाइटला पावणेचार तास लागतात. नाव काढायला सेकंद, मजकूर काढायला पावणेचार तास. आणि या पावणेचार तासांची मागणी कुणीच करत नाही. यंत्राला ते नको असतात. मैत्रिणीला घाई असते. दुकानदाराचा माल विकून झालेला असतो. ज्यांच्यासाठी ते तास खर्च करायचे ती माणसं खोलीत नसतात, आणि आपले चेहरे पुण्यात कुणाच्या टेबलावर आहेत हे त्यांना माहीतही नसतं.

ही कल्पनेतली भीती नाही. एमआयटीत शिकणाऱ्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२९ डिस्क चालू होत्या. त्यांपैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं होती, आजारपणाची माहिती होती, हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर होते. एक डिस्क तर एटीएममधून आलेली होती. विकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी काहीतरी पुसलं होतं. फाइल डिलीट केल्या होत्या, डिस्क फॉरमॅट केली होती. त्यांच्या बाजूने पाटी कोरी होती.

माझ्यापुढे मात्र याच्या आधीचा एक पेच होता. तीन डिस्क एकमेकींना ओळखत होत्या. रेड ५ मध्ये चारातल्या तीन असल्या तरी साठा उघडतो. म्हणजे एका आज्ञेवर त्या गावातली कित्येक वर्षांची लग्नं, बारशी, दहावीच्या फॉर्मला लावलेले पासपोर्ट साइज फोटो माझ्या पडद्यावर आले असते. उघडू नये, हे सरळ होतं. पण न उघडता पुसावं का, हे सरळ नव्हतं. कदाचित एखाद्या लग्नाच्या अल्बमची जगात उरलेली एकमेव प्रत त्यात असेल. पुसलं तर लोकांची अब्रू राखली जाते, आणि त्याच वेळी त्यांची कदाचित एकुलती एक आठवण जाते. दोन्ही गोष्टी त्यांच्याच, आणि ठरवणार मी, जिचा त्यात काही संबंध नाही.

मी दुकानदाराला निरोप द्यायला सांगितलं. दोन दिवसांनी स्टुडिओवाल्यांच्या मुलीचा फोन आला. तिचा पहिलाच प्रश्न होता, “ताई, तुम्ही उघडून बघितल्या का?”

“नाही. वरचं लेबल तेवढं वाचलंय. साठा कधी बांधला आणि त्यातली एक डिस्क मध्येच बाद झाली, एवढं कळलं.”

“ती बाद झाली तेव्हा बाबा रात्रभर जागे होते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “दुकान बंद करायच्या आधी त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले होते. या, तुमचे फोटो घेऊन जा म्हणून. बरेच जण येऊन गेले. जे आले नाहीत ते नाहीच आले.”

“मग पुसू?”

ती जरा वेळ काही बोलली नाही. “आमच्या घरचं एक फोल्डर असेल त्यात. ते आम्ही काढून घेतलं की नाही, मला आठवत नाही.”

त्या रविवारी ती आली. मी तीन डिस्क जोडून साठा फक्त वाचण्यापुरता उघडून दिला, म्हणजे त्यात काही बदल होणार नाही असा, आणि खुर्ची तिच्याकडे वळवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. पाऊण तासाने तिने हाक मारली. एक फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. “आता पुसा,” ती म्हणाली. “बाबांनी सांगितलंय, बाकीचं लोकांचं आहे.”

हा निकाल परिपूर्ण नव्हता, हे मला माहीत आहे. फोटोंतल्या माणसांना तिनेही विचारलं नव्हतं, आणि एकेकाला विचारणं शक्यही नव्हतं. पण त्या माणसांनी आपला चेहरा ज्या दुकानाच्या हवाली केला होता, त्या दुकानाचा शब्द तिच्याकडे होता. माझ्याकडे होती ती फक्त पावती, चार डिस्कांची. डिस्क विकत घेता येते, म्हणून तिच्यातला मजकूर आपल्या मालकीचा होत नाही.

पुसलंच नसतं तर?

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सगळे असे मन लावून पुसत बसले तर इतिहास कशाचा लिहायचा? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दफ्तरं शोधत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. घरोघरच्या लोकांनी माळा झाडून सगळं बंबात घातलं असतं, तर पुढचे खंड आलेच नसते. एका तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओचं काम हेही एक दफ्तरच आहे. लोक कसे नटत होते, मांडव कसा सजवत होते, कुणाच्या शेजारी कोण उभं राहत होतं, हे शंभर वर्षांनी कुणाला तरी हवं असेल.

मला हा आक्षेप मान्य आहे, पण पूर्ण नाही. पत्र लिहिणारा, ज्याला लिहिलं तो आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो, असे सगळे गेल्यावर आणि दीडशे वर्षं लोटल्यावर पत्र इतिहास होतं. सहा वर्षांपूर्वी काढलेला एखाद्या मुलीचा फोटो अजून तिचा आहे. ती आज कुठेतरी नोकरी करत असेल. ते लग्न मोडलं असेल, ती दुसऱ्या घरात सुखात असेल, आणि तो फोटो कुठे फिरतो यावर तिचं बरंच काही अवलंबून असेल. शिवाय राजवाड्यांना दार ठोठवावं लागत होतं. दफ्तर कुणाचं ते माहीत होतं, आणि ‘नाही देत’ म्हणायची मुभा त्या घराला होती. भंगारात आलेल्या डिस्कला दारच नसतं.

कायदाही या दोन पुसण्यांमध्ये घोटाळलेला आहे. स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस १९९८ मध्ये एका वर्तमानपत्रात आली होती. देणं मिटून कितीतरी वर्षं झाली तरी गूगलवर त्यांचं नाव टाकलं की तीच नोटीस वर यायची. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाने वर्तमानपत्रातलं पान पुसलं नाही. नाव शोधल्यावर त्या पानाकडे नेणारा दुवा तेवढा काढायला लावला. म्हणजे पुसली ती खूण, मजकूर होता तिथेच राहिला. त्यांना विसरलं जायचं होतं, म्हणून त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. पण त्या खटल्यामुळेच ते जगभर माहीत झालं, हेही खरं. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सांगितलं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपला डेटा पुसून मागण्याचा अधिकार आला. अधिकार मागणाऱ्याला मिळतो. आपला डेटा कुणाकडे आहे हेच ज्याला माहीत नाही, तो काय मागणार? तिथे कायदा पोचत नाही. तिथे ज्याच्या हातात डिस्क आहे त्याची सचोटीच काय ती उरते.

पुसणं

मराठीत ‘पुसणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नाहीसं करणं, दुसरा विचारणं. दुसरा अर्थ शहरात मागे पडला, पण गावाकडे ‘कुणाला पुसून केलंस?’ असं अजून म्हणतात. या दोन अर्थांचं नातं भाषाशास्त्रात काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. पण माझ्या कामात ते एकामागून एक येतात, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

यंत्रही पुसण्याआधी पुसतं. पण ते पुसतं फक्त हक्काबद्दल: ही डिस्क कुणाची तरी दिसते, पुढे जायचं का? आपण ‘हो’ म्हणतो, चार बाइट जातात आणि यंत्राची जबाबदारी संपते. मजकुराबद्दल ते पुसत नाही, कारण त्या मजकुरात माणसं आहेत हे त्याला माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. म्हणून पुढचं पुसणं आपल्याकडे येतं, दोन्ही अर्थांनी.

हे वाचणाऱ्या बहुतेकांना चार डिस्कांचा साठा कधी बांधावा लागणार नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलावा लागतो. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमधला साठा एनक्रिप्ट केलेला असतो. फॅक्टरी रीसेट केलं की त्याची किल्लीच नष्ट होते आणि आतला मजकूर कुणाच्या उपयोगाचा राहत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे. मेमरी कार्डाचं मात्र तसं नाही, ते आठवणीने काढून घ्यावं. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचंही तसं नाही. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे नुसती नवी अनुक्रमणिका, आतली पानं जुनीच. एसएसडी असेल तर वरून शून्यं लिहून सगळं जाईल याची खात्री नसते, कारण ती काही जागा स्वतःकडे राखून ठेवते. तिच्यासाठी कंपनीने दिलेली पूर्ण पुसण्याची सोय वापरावी.

आणि हे करताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपल्या फोनमध्ये आपण एकटे नसतो. मैत्रिणीने रडत पाठवलेले व्हॉइस नोट असतात, भावाच्या आधार कार्डाचा फोटो असतो, ग्रुपमधल्या कुणाच्या तरी लहान मुलीचे व्हिडिओ असतात. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ म्हणून फोन तसाच विकणारा माणूस स्वतःपुरतं खरं बोलत असतो. बाकीच्यांच्या वतीने तसं बोलायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो.

चार डिस्कांवर शून्यं भरून व्हायला रविवारची रात्र गेली. चारही एकदम लावल्या होत्या. एवढं सगळं लिहून झाल्यावर डिस्कच्या कानाकोपऱ्याची तपासणीही आपोआप होते, हा एक फायदा. सोमवारी साठा बांधला तेव्हा यंत्राने काही विचारलं नाही. आता त्यावर मैत्रिणीचं चित्रण आहे, त्यात तिने ज्यांच्या मुलाखती घेतल्या ती माणसं आहेत. काम संपल्यावर या डिस्क पुन्हा कुठेतरी जातील. त्या वेळी कुणाला विचारायचं, याची यादी मैत्रिणीने आताच करून ठेवली आहे.